गॉसच्या मागून आलेली पावलं

फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गवेड्याचा मला हेवा वाटतो आणि कीवही येते. १८१० चा जन्म. वडील गावोगाव हिंडून लघुचित्रं रंगवणारे. सतराव्या वर्षी पोरगा न्यूफाउंडलंडला कारकुनी करायला गेला आणि तिथं किडे जमवू लागला. पुढे जमैकात पक्षी. पण खरा जीव जडला तो डेव्हनच्या खडकाळ किनाऱ्यावर. ओहोटी लागली, की हा खडकातल्या कुंडांत उतरून समुद्रफुलं न्याहाळी.

१८५३ मध्ये त्याचं डेव्हनच्या किनाऱ्यावरचं पुस्तक आलं, १८५४ मध्ये मत्स्यालयावरचं. घरच्या घरी समुद्र! इंग्लंड खुळावलं. रेल्वेनं माणसं लोटली, हातात छिन्नी आणि बरणी. नुसत्या बुटांनीही बार्नॅकल चिरडतात, शेवाळ सुटतं आणि त्याच्या ओलाव्यात लपलेले बारके जीव उन्हात उघडे पडतात. दगड उलटून तसाच टाकला, की खालचं बिऱ्हाड सुकलंच म्हणून समजा.

१८५७ मध्ये पत्नी एमिली कर्करोगानं गेली. त्याच वर्षी तो लहानग्या एडमंडला घेऊन डेव्हनला राहायला आला. याच एडमंडनं १९०७ मध्ये लिहिलं, की ती कुंडं उजाड झाली. त्याला आपली पुस्तकं कारण झाली, हे वडिलांना कळलं होतं आणि ते फार लागलंही होतं. मला वाटतं, इतक्या प्रेमानं लिहिणाऱ्याला याहून कठोर शिक्षा नसेल.

उतारवयात तो ऑर्किड वाढवी, सूक्ष्मदर्शकाखाली रोटिफर पाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये तो गेला.