श्रीसिंगाजी महाराज आणि गुरुवचन

बऱ्हाणपूर नगरीचे नावच गुरुभक्तीतून उद्भवलेले आहे. इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी वंशातील नासिरखानाने तापीच्या उत्तर तीरावर हे नगर वसविले, तेव्हा त्याने त्यास स्वतःचे अथवा पित्याचे नाव दिले नाही. शेख बुऱ्हाणुद्दीन या सत्पुरुषाचे दिले. समोरच्या तीरावर जे झैनाबाद वसले, ते बुऱ्हाणुद्दीनांचे शिष्य झैनुद्दीन यांच्या नावाने. दोघांच्याही समाध्या दूर वेरूळनजीक खुलताबादेस आहेत. येथे मात्र एका तीरावर गुरू, दुसऱ्या तीरावर शिष्य, आणि मध्ये तापी वाहते आहे. ज्या प्रांताच्या राजधानीची ही कथा, त्याच प्रांतात पुढे दीडशे वर्षांनी एका गवळ्याच्या जीवितात गुरुशिष्यसंबंधाची अशी कसोटी लागली की, तिचा उलगडा करताना शास्त्राभ्यासी मनुष्यही क्षणभर थबकतो. ते गवळी म्हणजे निमाडचे संतश्रेष्ठ श्रीसिंगाजी महाराज होत.

अशीरगडाच्या खिंडीतून सातपुडा ओलांडला म्हणजे बऱ्हाणपूरचा प्रवासी खंडव्याकडील निमाडात उतरतो. दि. १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूरचा निराळा जिल्हा झाला. तोवर हा सारा मुलूख पूर्व निमाड या एकाच जिल्ह्यात मोडत असे. तापीकाठच्या मराठी भाविकास सिंगाजींचे नाव परके नाही. तथापि ज्ञानोबा-तुकोबांची चरित्रे ज्याला मुखोद्गत असतात, त्याला या शेजारच्या संताचे चरित्र बहुधा नावापलीकडे ठाऊक नसते, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

परंपरेनुसार सिंगाजींचा जन्म विक्रम संवत १५७६, म्हणजे इ. स. १५१९, वैशाख शुद्ध एकादशीस बडवानीकडील खजुरी या गावी झाला. पित्याचे नाव भीमाजी, मातेचे गौराबाई. कुल गवळ्यांचे, म्हशी राखाव्या, दूधतूप विकावे, असा परंपरागत व्यवसाय. पुढे हे कुटुंब हरसूदकडे येऊन राहिले. यथाकाल जसोदाबाईंशी विवाह झाला, मुलेबाळे झाली. शरीर सुदृढ, घोड्यावर बसण्याचा सराव चांगला, म्हणून भामगढच्या रावांनी त्यांस पत्रे नेण्या-आणण्याच्या कामावर ठेवून घेतले. वेतन दरमहा एक रुपया. त्या काळी एका गवळ्याच्या मुलास राजदरबारची चाकरी आणि रोख रुपया मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

या चाकरीतच एके दिवशी ते रावांची डाक घेऊन घोड्यावरून चालले असता वाटेत मनरंगीर नावाचे साधू भजन गात होते. मनरंगीर हे ब्रह्मगीर यांचे शिष्य, निर्गुणाचे उपासक. अंतकाळी आपले म्हणावे असे कोणी उरत नाही, हा त्या भजनाचा आशय. असा आशय प्रत्येक साधूच्या मुखी असतो आणि प्रत्येक श्रोता तो ऐकून घरी जातो. सिंगाजी मात्र घोड्यावरून उतरले. त्यांनी मनरंगीरांचे पाय धरले, अनुग्रह घेतला, आणि रावांकडे जाऊन चाकरीचा राजीनामा दिला. रावांनी एकाचे तीन रुपये देऊ केले, असे सांगतात. पण गेलेले मन परत आले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. सिंगाजींनी चाकरी सोडली, संसार सोडला नाही. भगवी वस्त्रे घेतली नाहीत. पिपल्या येथे ते बायकामुलांसह, गुराढोरांसह राहिले; म्हशी चारीत, दूध काढीत आणि भजने रचीत. त्यांची भाषा घरची निमाडी. हरिनामाची शेती, तिचे बैल, तिचे बी, तिची राखण अशी रूपके त्यांच्या वाणीत येतात, ती ऐकीव नव्हेत. ‘दृढ उपदेश’, ‘आत्मध्यान’, ‘बारहमासी’ अशी प्रकरणे त्यांच्या नावावर आहेत. मृदंग आणि झांजा यांच्या साथीने रात्रभर त्यांची भजने म्हणण्याचा प्रघात निमाडात पडला. कबीरांशी त्यांची तुलना नेहमी केली जाते आणि विचारांच्या दृष्टीने ती यथार्थच आहे. पण कबीरांच्या वाणीतील वादाची धार सिंगाजींत फारशी नाही. ते खंडन करीत नाहीत, आपल्या गोठ्यात बसून सांगतात.

आता तो प्रसंग. गोकुळाष्टमीची रात्र होती आणि सिंगाजी गुरूंच्या सन्निध होते. (निर्गुणाचे उपासक कृष्णजन्म करीत, याचे कोणी आश्चर्य मानू नये, निर्गुण-सगुणाची भिंत ग्रंथांत जेवढी उंच असते तेवढी ती भजनाच्या ठिकाणी नसते.) मनरंगीरांस झोप येऊ लागली. मध्यरात्री जन्मकाळी आपणांस उठवावे, अशी आज्ञा करून ते निजले. मध्यरात्र झाली. गुरू गाढ निद्रेत होते. त्यांची झोप मोडणे सिंगाजींच्या जिवावर आले. त्यांनी स्वतःच आरती केली आणि उत्सव पार पाडला. मनरंगीर जागे झाले, जन्मकाळ टळल्याचे त्यांस कळले आणि त्यांचा कोप अनावर झाला. जिवंत असेतोवर पुन्हा मला तोंड दाखवू नको, असे ते शिष्यास म्हणाले. सिंगाजींनी नमस्कार केला आणि ते पिपल्यास परतले.

मराठी वाचकास येथे नाथमहाराजांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. एकनाथ आणि सिंगाजी हे समकालीन होत. देवगडावर जनार्दनस्वामी समाधीत असता परचक्र आले, तेव्हा नाथांनी गुरूंची समाधी न मोडता त्यांचे चिलखत अंगावर चढविले आणि त्यांच्या जागी लढाई केली, ही कथा महिपतींनी वर्णिलेली आहे. त्या प्रसंगी गुरू संतुष्ट झाले. सिंगाजींनी याहून निराळे काय केले? गुरूंस न उठविता गुरूंच्या जागी उभे राहून गुरूंचे कार्य केले. कृती तीच, भाव तोच. फळ मात्र सर्वस्वी उलट. भेद इतकाच की, नाथांस उठविण्याची आज्ञा नव्हती, सिंगाजींस होती. सेवा आणि आज्ञा या दोन्ही शिष्यास प्रमाण. पण त्यांचा परस्परविरोध उत्पन्न झाला असता कोणती बलवत्तर, हा प्रश्न सिंगाजींपुढे त्या मध्यरात्री उभा राहिला आणि प्रेमाने त्यांस सेवेच्या बाजूस ओढले. शास्त्रदृष्ट्या त्यांचे चुकले, असे म्हणणे भाग आहे. परंतु ज्याने वृद्ध अथवा श्रांत गुरूच्या उशाशी कधी रात्र काढली आहे, त्याला हे चुकणे कळते.

यापुढील भाग अनेक कथेकरी घाईने उरकतात. गुरूंनी तोंड दाखवू नको म्हटले आणि शिष्याने समाधी घेतली, इतकेच ते सांगतात. श्रोत्यांस वाटते की, हे दुखावलेल्या मनाचे तडकाफडकी कृत्य असावे. तिथींचा हिशेब केला म्हणजे हा समज टिकत नाही. प्रसंग गोकुळाष्टमीचा, म्हणजे आपल्या गणनेने श्रावण वद्य अष्टमीचा. आणि समाधीची परंपरागत तिथी विक्रम संवत १६१६, म्हणजे इ. स. १५५९, श्रावण शुद्ध नवमी. अष्टमीनंतरची पहिलीच श्रावण शुद्ध नवमी धरली, तरी मध्ये सुमारे साडेअकरा महिने जातात. परंपराही अकरा महिनेच सांगते. रुसवा इतका काळ टिकत नाही. या अकरा महिन्यांत सिंगाजी पिपल्यासच होते. गुरूंकडे गेले नाहीत, कोणाकडून क्षमेचा निरोप धाडला नाही, गुरूंची निंदा केली नाही. पावसाळा सरला, हिवाळा गेला, उन्हाळा तापला. घर होते, गुरे होती, भजन होते. गुरूचा विरह होता.

मग समाधी कशासाठी? मीमांसेच्या रीतीने पाहिले तर गुरूंचे वचन हा निषेध होता, विधी नव्हता. निषेधाचे पालन केवळ निवृत्तीने होते. दूर राहिले की झाले. देह ठेवावा असे गुरूंनी सांगितलेले नव्हते. तेव्हा गुरुवचन पाळण्यासाठी समाधी अवश्य होती, हे प्रतिपादन शास्त्रास धरून नाही. परंतु वचनाला एक मर्यादा होती आणि ती स्वतः गुरूंच्याच शब्दांत होती: जिवंत असेतोवर. त्या मर्यादेपलीकडे निषेध लागू नव्हता. आज्ञा न मोडता गुरूंच्या समोर पुन्हा येण्याचा एकच मार्ग त्या शब्दांनी मोकळा ठेवला होता. सिंगाजींच्या मनात नेमके काय होते हे त्यांनी कोणास सांगितल्याचे परंपरेत नाही. तरी अकरा महिने ज्याने ते वचन घोळविले, त्याच्या दृष्टीतून हा अर्थ सुटला असेल, असे वाटत नाही. योगसिद्ध पुरुषाची ही गोष्ट आहे. सामान्य साधकाने तिचे अनुकरण करू म्हणणे हे गुरुभक्तीचे नव्हे, अविवेकाचे लक्षण होईल, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

श्रावण शुद्ध नवमीस सिंगाजींनी पिपल्या येथे समाधी घेतली. वय चाळीस वर्षांचे. वार्ता कळली तेव्हा मनरंगीरांस अत्यंत पश्चात्ताप झाला, असे परंपरा सांगते. मनरंगीरांना कठोर म्हणून बाजूस सारणारे पुष्कळ आहेत. ते योग्य नव्हे. ज्यांच्या एका भजनाने सिंगाजी घोड्यावरून उतरले, तेच हे मनरंगीर. त्यांच्या शब्दास ते सामर्थ्य होते म्हणूनच त्यांच्या कोपाच्या शब्दासही हे सामर्थ्य आले. पहिला शब्द ऐकताना सिंगाजींनी तो आपल्यासाठी आहे असे मानले, दुसराही तसाच मानला. शिष्य पदरी असणाऱ्याने आपला शब्द किती जपावा लागतो, हे मनरंगीरांस फार उशिरा उमगले.

सिंगाजींच्या पश्चात त्यांचे नातू दलुदास यांनी भजनाची परंपरा चालविली. खेमदासांनी त्यांचे चरित्र परचुरी या प्रकारात गायिले. निमाडातील गवळी-गुराखी त्यांस गुरांचे रक्षणकर्ते मानतात. गुरू हरवले की सिंगाजींस नवस बोलावा आणि दुभत्याचे तूप त्यांस अर्पावे, असा कुळाचार आहे. शरद पौर्णिमेस समाधिस्थानी मोठी यात्रा भरते आणि गावोगावचे भाविक खांद्यावर निशाण घेऊन पायी येतात.

नर्मदेवर इंदिरासागर धरण झाले. इ. स. २००४ मध्ये हरसूद गाव उठले, सिंगाजी ज्या वाटांनी डाक नेत त्या परिसराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. समाधीचे स्थानही बुडणार होते. ते हलविले नाही. समाधीभोवती उंच भिंतींचे बांधकाम करून ती मूळ जागीच राखली आणि दर्शनाची सोय वर केली. चहूकडे जलाशय पसरला आहे. निशाणे आता पाण्याच्या काठाने येतात.