भिंतीकडची खुर्ची मिळाली नाही आणि पोकरच्या टेबलावर वाइल्ड बिल हिकॉकचा गेम झाला

पोकर खेळणाऱ्या कुणालाही विचारा, दोन काळे एक्के आणि दोन काळ्या अठ्ठ्या हातात आल्या की टेबलावरचा एखादा तरी गडी हसतोच. या पानांना जगभर डेड मॅन्स हँड म्हणतात, म्हणजे मेलेल्या माणसाचा हात. हा मेलेला माणूस खरोखर होऊन गेला. त्याचं नाव जेम्स बटलर हिकॉक, पण अख्खी अमेरिका त्याला वाइल्ड बिल म्हणूनच ओळखायची.

इलिनॉय राज्यातल्या एका खेड्यात २७ मे १८३७ ला तो जन्मला. घरची शेती होती. अठराव्या वर्षी घर सोडून तो कॅन्ससला गेला. तिथं गाड्या हाकल्या, निरोप पोचवले, पडेल ते काम केलं. यादवी युद्धात तो उत्तरेकडच्या फौजेसाठी टेहळणी करायचा. युद्ध संपलं तेव्हा वय २८, खिशात फारसं काही नाही आणि दिवस घालवायला पत्ते.

इथंच पहिली भानगड झाली. त्या काळात आजच्यासारखी पोकर रूम नव्हती. पानं वाटायला कॅसिनोचा माणूस नाही, वर कॅमेरा नाही, भांडण झालं तर सोडवायला मॅनेजर नाही. सलूनमधल्या किंवा हॉटेलातल्या एखाद्या टेबलाभोवती चार अनोळखी माणसं बसायची, आळीपाळीनं पानं वाटायची आणि पैसे संपले की एकमेकांकडूनच उधार घ्यायची. डाव मिटायचा, पण उधारी मिटायची नाही. आणि जवळपास प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल.

जुलै १८६५ मध्ये मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावात हिकॉक खेळायला बसला होता. डेव्हिस टट नावाचा एक जुना दोस्त त्याच्यावर खार खाऊन होता. टट स्वतः खेळत नव्हता, पण हिकॉकसमोर बसलेल्यांना पैसे पुरवत होता. तरी हिकॉक जिंकत गेला. शेवटी टटनं घोड्याच्या व्यवहारातले ४० डॉलर मागितले, हिकॉकनं ते तिथंच दिले. मग टटनं आणखी ३५ डॉलरची जुनी बाकी काढली. हिकॉकच्या हिशोबानं बाकी होती २५ ची. दहा डॉलरचा फरक! टटनं टेबलावर ठेवलेलं हिकॉकचं खिशातलं घड्याळ तारण म्हणून उचललं.

हिकॉकनं त्याला एवढंच बजावलं की हे घड्याळ लावून चौकात फिरू नकोस. दुसऱ्या दिवशी, २१ जुलैला, टट ते घड्याळ लावून चौकात आला. दोघांत साधारण ७० मीटर अंतर होतं. दोघांनी एक-एक गोळी झाडली. टटची चुकली, हिकॉकची छातीत घुसली. त्या काळच्या पिस्तुलानं एवढ्या लांबून नेम लागणं म्हणजे कौशल्य होतंच, पण नशीबही होतं. खटला चालला आणि ज्युरीनं त्याला सोडून दिलं. हॉलिवूडच्या सिनेमात भर रस्त्यात समोरासमोर जी लढत हमखास दिसते, ती प्रत्यक्षात फार क्वचित घडायची. ही त्या मोजक्या लढतींपैकी एक.

१८६७ मध्ये हार्पर्स मासिकानं त्याच्यावर मोठा लेख छापला. त्यात त्यानं शेकडो माणसं मारल्याचं लिहिलं होतं. आडनाव मात्र छापलं हिचकॉक, यावरून बाकी तपशील किती तपासले असतील याचा अंदाज येतो. इतिहासकारांच्या हिशोबात त्यानं मारलेल्यांचा आकडा दहाच्या पुढं जात नाही. पण लेख गाजला. लांब केस, झुपकेदार मिशा, कमरेला हस्तिदंती मुठीची दोन कोल्ट पिस्तुलं. वाइल्ड बिल हा आता ब्रँड झाला होता.

ब्रँडचा फायदा म्हणजे नोकरी मिळाली. आधी हेज सिटीला शेरीफ, मग १८७१ मध्ये अ‍ॅबिलीन गावचा मार्शल. तोटा असा की त्याला मारून नाव कमवायची इच्छा असलेला कुणीही मागून येऊ शकत होता. म्हणून सलूनमध्ये खेळताना पाठीशी भिंत असलेली खुर्ची धरायची, हा त्याचा नियमच होता.

अ‍ॅबिलीनमध्ये त्याच्या हातून जे झालं ते त्याला कधीच विसरता आलं नाही. ५ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री फिल को नावाच्या जुगाऱ्यानं रस्त्यावर गोळी झाडली. हिकॉक तिथं पोचला आणि दोघांत गोळीबार झाला. को कोसळला. तेवढ्यात बाजूनं कुणीतरी धावत आलं, हिकॉकनं वळून त्याच्यावरही गोळी झाडली. तो होता माइक विल्यम्स, हिकॉकच्याच मदतीला धावून आलेला त्याचा माणूस. तो जागीच गेला. दोन महिन्यांनी गावानं हिकॉकला नोकरीवरून काढलं. त्यानंतर त्यानं लढतीत कुणाला मारल्याची नोंद नाही.

पुढची वर्षं उताराची. बफेलो बिलच्या नाटक कंपनीत त्यानं स्वतःचीच भूमिका केली, पण स्टेजवर त्याचा जीव रमला नाही. डोळे अधू व्हायला लागले. नेमबाजासाठी यापेक्षा वाईट काय असणार? ५ मार्च १८७६ ला त्यानं अ‍ॅग्नेस लेक या सर्कशीच्या मालकिणीशी लग्न केलं. ती त्याच्याहून मोठी होती. संसाराला पैसा हवा म्हणून तो एका तांड्याबरोबर डेडवूडला निघाला.

डेडवूडला सोनं सापडलं होतं. गाव मात्र पूर्ण बेकायदेशीर. १८६८ च्या करारानं ती जमीन लाकोटा आदिवासींची होती, तिथं गोऱ्यांना वस्ती करायची परवानगीच नव्हती. त्यामुळं गावात कायद्यानं मान्य असं कोर्टही नव्हतं. ही गोष्ट पुढं फार महत्त्वाची ठरली.

सोनं शोधायचं सोडून हिकॉकचा दिवस नटॉल अँड मान या सलूनमध्ये पत्ते खेळण्यात जायचा. १ ऑगस्टला त्याच्या टेबलावर जॅक मॅकॉल नावाचा माणूस बसला आणि सगळं हरला. हिकॉकनं त्याला नाश्त्यापुरते पैसे देऊ केले आणि हरलेलं फेडता येईल तेव्हाच खेळ असा सल्ला दिला, असं सांगतात. हिकॉकला त्यात मदत वाटली असेल, मॅकॉलला चारचौघांत झालेला अपमान.

२ ऑगस्ट १८७६, दुपार. हिकॉक आत आला तेव्हा भिंतीकडची खुर्ची चार्ल्स रिच धरून बसला होता. हिकॉकनं त्याला जागा बदलायला सांगितलं. रिच हसला आणि जागचा हलला नाही. डाव सुरू झाल्यावर पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. आता खरं तर उठून जायचं. पण मित्रांच्या टेबलावर एका खुर्चीसाठी ताणणं म्हणजे आपण घाबरलो हे दाखवणं, आणि वाइल्ड बिलला ते परवडणारं नव्हतं. तो मोकळ्या खोलीकडं पाठ करून बसला.

समोर कॅप्टन मॅसी हा बोटीवरचा तांडेल होता आणि हिकॉक त्याच्याकडून हरत होता. मॅकॉल आत आला, फिरत फिरत त्याच्या मागं पोचला आणि डोक्याच्या मागून गोळी झाडली. हिकॉक तिथंच संपला, वय ३९. गोळी गालातून बाहेर पडून मॅसीच्या मनगटात घुसली आणि आयुष्यभर तिथंच राहिली. लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते.

हातातल्या एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची गोष्ट पसरली ती १९२६ मध्ये आलेल्या एका चरित्रातून, म्हणजे ५० वर्षांनी. पाचवं पान कुठलं होतं यावर लोक अजून भांडतात.

मॅकॉलला दुसऱ्याच दिवशी खाणकामगारांनी भरवलेल्या कोर्टापुढं उभं केलं. हिकॉकनं माझ्या भावाला मारलं होतं असं त्यानं सांगितलं आणि तो सुटला. पुढं वायोमिंगमध्ये या खुनाच्या बढाया मारताना त्याला पुन्हा पकडलं. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा, असा मुद्दा निघाला. पण डेडवूडच बेकायदेशीर, म्हणजे तिथलं कोर्टही बेकायदेशीर, मग पहिला खटला झालाच नाही असं ठरलं. यँक्टनला खटला चालला आणि १ मार्च १८७७ ला मॅकॉलला फाशी दिली.

१९७९ मध्ये पोकर हॉल ऑफ फेम सुरू झालं, त्यात पहिल्याच यादीत हिकॉकचं नाव होतं. शेवटच्या डावात तो हरत होता याचं कुणाला काही वाटलं नाही. डेडवूडमध्ये १९८९ पासून जुगार पुन्हा कायदेशीर झाला आणि आज तिथं रस्त्याला लागून कॅसिनो आहेत. उन्हाळ्यात पर्यटकांसमोर रोज त्या दुपारचा प्रयोग होतो. चार जण पत्ते खेळत बसतात आणि एकाची पाठ खोलीकडं असते.