हॉकीवीर ध्यानचंद

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी प्रयाग येथे झाला. त्यांचे वडील सैन्यात होते. १९२२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ध्यानचंदही साधे शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाले. तेथे सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्यांना हॉकीचे धडे दिले. दिवसाचे काम आटोपल्यावर ते चांदण्यातही खेळाचा सराव करीत, असे सांगतात.

१९२८ साली हिंदुस्थानचा हॉकी संघ ऑलिंपिक सामन्यांसाठी मुंबईहून ॲमस्टरडॅमला निघाला. निरोप देण्यास बंदरावर अवघे तीन गृहस्थ आले होते. एका परतंत्र देशाच्या या संघाकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. परंतु त्याने पाच सामन्यांत २९ गोल केले व स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यांपैकी १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते. संघ सुवर्णपदक घेऊन परतला, तेव्हा त्याच मुंबईत स्वागतासाठी लोकांची दाटी झाली. १९३२ साली लॉस एंजेलिस येथेही हिंदुस्थानच विजयी ठरला.

खरी कसोटी लागली ती १९३६ साली बर्लिन येथे. ध्यानचंद आता संघनायक होते. ऑलिंपिकपूर्वीच्या सरावाच्या सामन्यात जर्मनीने हिंदुस्थानचा चार विरुद्ध एक गोलांनी पराभव केला. हा पराभव ध्यानचंदांच्या जिव्हारी लागला. पुढे दोन्ही संघ अंतिम सामन्यात पुन्हा समोरासमोर आले. पावसामुळे एक दिवस लांबणीवर पडलेला हा सामना १५ ऑगस्टला ठरला.

त्या दिवशी खेळाडूंची मने धास्तावलेली होती. ऑलिंपिकमध्ये संघ उतरला होता तो ब्रिटिश अमलाच्या निशाणाखाली. पण मैदानावर जाण्यापूर्वी संघाचे एक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी राष्ट्रसभेचा तिरंगा ध्वज बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला भक्तिभावाने वंदन केले व ते मैदानात उतरले.

मैदान ओले होते. मध्यंतरापर्यंत हिंदुस्थानला एकच गोल करता आला. तेव्हा ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले. मग मात्र त्यांचा वेग कोणाला आवरेना. एकामागून एक गोल होत गेले आणि हिंदुस्थानने आठ विरुद्ध एक असा विजय मिळविला. यजमान राष्ट्राच्या राजधानीत, त्याच्याच प्रेक्षकांदेखत, एका पराधीन देशाच्या खेळाडूंनी आपले श्रेष्ठत्व सिद्ध केले. समान नियमांनी लढत झाली, तर आपण कोणाहून कमी नाही, हा विश्वास या विजयाने देशबांधवांच्या मनात दृढ केला.

बरोबर अकरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाला. १९५६ साली ध्यानचंदांना पद्मभूषण हा किताब मिळाला. मेजर या हुद्द्यापर्यंत पोहोचलेला हा निगर्वी सैनिक ३ डिसेंबर १९७९ रोजी दिवंगत झाला. त्यांचा जन्मदिवस भारतात राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो.