रुक्मिणीदेवींचा कायदा आणि पन्नास रुपयांचा दंड

रुक्मिणीदेवी अरुंडेल हे नाव उच्चारले की भरतनाट्यम आणि मद्रासचे कलाक्षेत्र डोळ्यांपुढे उभे राहते. राजकारणाच्या अभ्यासकांना त्यांची आणखी एक आठवण असते. १९७७ साली पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी राष्ट्रपतिपदासाठी त्यांना विचारले आणि त्यांनी नम्रपणे नकार दिला. परंतु खेड्यापाड्यांतील बैल, म्हैस, घोडा आणि गाढव यांच्याशी या बाईंचा जो संबंध आला, तो मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही. वास्तविक त्यांच्या आयुष्यातील दीर्घकाळ चाललेले आणि अर्धवट राहिलेले कार्य हेच होय.

२९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराई येथे त्यांचा जन्म झाला. वडील नीलकंठ शास्त्री हे सरकारी बांधकाम खात्यात अभियंता होते, संस्कृतचे जाणकार होते आणि थिऑसॉफीकडे ओढले गेलेले होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब अड्यार येथे स्थायिक झाले. तेथील वातावरणात वाढलेल्या रुक्मिणीने १९२० साली जॉर्ज अरुंडेल या इंग्रज थिऑसॉफिस्टाशी विवाह केला, तेव्हा मद्रासच्या सनातनी समाजात मोठेच वादळ उठले. १९२८ मध्ये मुंबईत अ‍ॅना पाव्हलोव्हाचे नृत्य त्यांनी पाहिले आणि त्यांच्या जीवनाला वेगळे वळण लागले. ‘सदिर’ म्हणून हिणवल्या गेलेल्या नृत्याचे त्यांनी शिक्षण घेतले, १९३५ साली ते जाहीरपणे सादर केले आणि १९३६ साली कलाक्षेत्राची स्थापना केली. देवदासींच्या परंपरेतून हे नृत्य उचलताना त्यांनी त्याचे रूप पालटले, असा आक्षेप आजही घेतला जातो. तो वाद येथे बाजूला ठेवू. लोकनिंदेची पर्वा न करता हाती घेतलेले काम संस्थेच्या रूपाने उभे करावयाचे, हा त्यांचा स्वभाव मात्र त्यातून स्पष्ट होतो.

१९५२ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. कलावंतांच्या कोट्यातून आलेल्या सभासदाने कलेविषयी चार शब्द बोलावेत एवढीच सामान्यतः अपेक्षा असते. रुक्मिणीदेवींनी मात्र प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारे विधेयक खाजगी सभासद या नात्याने मांडले. त्या वेळी अमलात असलेला कायदा १८९० सालचा होता. त्याची मोठी उणीव अशी की, तो केवळ नगरपालिकांच्या हद्दीपुरता लागू होता. शहरातील टांग्याच्या घोड्याला कायद्याचे जे छत्र होते, ते शिवारातील बैलाला नव्हते. ज्या देशाची शेती आणि मालवाहतूक जनावरांच्या खांद्यावर उभी होती, त्या देशात बहुसंख्य जनावरे कायद्याच्या कक्षेबाहेर होती.

पंडित नेहरूंनी या विधेयकामागील भावनेचा आदर केला. पण सरकार समिती नेमून स्वतःच कायदा आणील, असे आश्वासन देऊन ते मागे घेण्याची विनंती केली. रुक्मिणीदेवींनी ती मान्य केली. अशी आश्वासने बहुधा कागदावरच राहतात. हे आश्वासन तसे राहिले नाही, याचे बरेचसे श्रेय त्यांच्या चिकाटीला द्यावे लागेल. समिती नेमली गेली, तिने पाहणी केली आणि डिसेंबर १९६० मध्ये नवा कायदा झाला. बेदम मारणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे, आजारी वा जखमी जनावर कामाला जुंपणे, चारापाण्यावाचून ठेवणे हे सारे देशभर गुन्हे ठरले. त्याच कायद्यान्वये १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. जनावरांवरील भार हलका व्हावा म्हणून गाड्यांच्या रचनेत सुधारणा सुचवणे, हेही मंडळाच्या कर्तव्यांत घातले गेले. दया ही उपदेशाने येते तशी चांगल्या चाकानेही येते, हे या तरतुदीने मान्य केले होते. १९६५ च्या नियमांनी कामाचे तासही ठरवले. ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक राबवू नये, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक जुंपू नये, पारा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये आणि आर लावलेली पराणी वापरू नये, असे हे नियम सांगतात.

कागदावर हे सारे उत्तम दिसते. परंतु कायद्याचे बळ त्याच्या शिक्षेत आणि अंमलबजावणीत असते, आणि नेमके तेथेच हा कायदा लंगडा पडला. पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड पन्नास रुपये ठेवण्यात आला. १९६० च्या सुमारास शेतमजुराची दिवसाची मजुरी रुपया-दीड रुपयाच्या आसपास होती. तेव्हा पन्नास रुपये ही महिन्याभराच्या कमाईएवढी रक्कम होती आणि तिची जरब होती. पुढे रुपयाची किंमत घसरत गेली. १९८२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तरी ही कमाल मर्यादा पन्नास रुपयेच राहिली. अशा रीतीने संसदेने जो कायदा कधी रद्द केला नाही, तो महागाईने हळूहळू रद्द केला. शिवाय पोलिसांना वॉरंटावाचून पकडता येईल असे गुन्हे या कायद्यात मोजकेच असून जादा ओझे लादणे त्यांत नाही. मंडळाचे अधिकार मुख्यतः सल्ला आणि अनुदान देण्याचे, अंमलबजावणी राज्यांकडे.

याचा अर्थ महाराष्ट्रात गळीत हंगामात उमगतो. उसाच्या वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. गाडीवानाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची तर प्रत्येक खेपेला चार मोळ्या जास्त चढवणे त्याला भाग पडते. पन्नास रुपयांचा दंड त्याला रोखू शकत नाही. आणि दंड मोठा केला तरी तो भरणार हाच कर्जबाजारी माणूस. टनाचा दर आणि उचलीची पद्धत ठरवणारे कारखान्याच्या फाटकाआड सुरक्षित राहतात. बैलाच्या खांद्यावरची सूज आणि गाडीवानाच्या डोक्यावरचे कर्ज यांचे मूळ एकच आहे, हे ओळखल्याशिवाय कोणतीही सुधारणा मुळाशी जाणार नाही.

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी रुक्मिणीदेवींचे निधन झाले. त्यांनी उभारलेल्या मंडळाच्याच प्रकरणात मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींना मनाई केली, आणि शिक्षा वाढवण्याची अपेक्षा संसदेकडे व्यक्त केली. पुढे राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्रासह त्या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शर्यतींवरून मोर्चे निघाले, सभा झाल्या. वर्षभर जुवाखाली असणाऱ्या बैलाच्या पन्नास रुपयांविषयी मात्र कोणी रस्त्यावर उतरले नाही. दंडवाढीच्या दुरुस्तीचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे मूळ कायद्यानंतर जवळजवळ बासष्ट वर्षांनी.

केवळ आकडा वाढवून भागणार नाही. नवा आकडाही वीस वर्षांत निष्प्रभ होईल. दंडाची रक्कम किंमतींच्या निर्देशांकाशी जोडली पाहिजे, आणि जादा ओझ्याचा लाभ ज्याच्या पदरात पडतो त्या कारखान्याला व कंत्राटदाराला जबाबदार धरले पाहिजे. वजनकाटा कारखान्याच्या दारातच असतो. प्रत्येक गाडीचे वजन तेथे नोंदले जाते. पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही, तो वाचण्याची इच्छा तेवढी हवी. रुक्मिणीदेवींनी नगरपालिकेच्या वेशीवर अडलेला कायदा शिवारापर्यंत नेला. तो त्या काट्यापर्यंत नेण्याचे काम त्यांच्या मागे राहिलेल्यांचे आहे.