बालविवाहाला नकार देणाऱ्या डॉ. रखमाबाई

बाहेरच्या माणसाने मुलाला मारले तर सगळी चाळ गोळा होते. पण घरातल्याच माणसाने मुलावर जुलूम केला, तर शेजारीपाजारी दार लावून घेतात. त्यांच्या घरातला मामला आहे, आपण कशाला मध्ये पडा, असे म्हणतात. लेकरांवरचा सर्वात जास्त अन्याय या एका वाक्याच्या आड लपून राहिलेला आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही अशा एका स्त्रीचे चरित्र निवडले, जिने घरातला मामला भर कोर्टात नेला आणि अकराव्या वर्षी लावलेले लग्न मानण्यास नकार दिला. त्या म्हणजे डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत सुतार समाजात झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. आई स्वतःच बालवधू. पंधराव्या वर्षी पदरात मूल आणि सतराव्या वर्षी कपाळी वैधव्य. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावे केली आणि पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. सखाराम अर्जुन हे विद्वान डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे. सावत्र बाप म्हटले की आपल्याला भलतेच चित्र दिसते. या सावत्र बापाने मात्र मुलीला पुस्तके दिली आणि तिच्या पाठीशी तो उभा राहिला.

तरीही लग्न टळले नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी झाले. तो सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. त्याने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे, माणूस व्हावे, असे ठरले होते. पण दादाजीचे अभ्यासात मन रमेना. तो मामाकडे जाऊन राहिला. रखमाबाई माहेरीच राहिल्या. त्या घरी बसून वाचू लागल्या, मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तके मिळवून शिकू लागल्या. संसार असा झालाच नाही.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत मागणी केली की बायको नांदायला पाठवा. रखमाबाईंनी जायचे नाकारले, तेव्हा मुंबई हायकोर्टात दावा दाखल झाला. मुलीच्या नावावर मिळकत होती हेही विसरून चालणार नाही. रखमाबाईंचे म्हणणे होते की नवरा आजारी आहे, त्याची सांभाळण्याची ऐपत नाही आणि मुख्य म्हणजे हे लग्न आपल्याला काही कळत नव्हते त्या वयात लावले गेले. आम्ही गिरणीत राबलेली माणसे. मजुराकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला तर त्या अंगठ्याला आपण संमती म्हणतो काय? मग अकरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात घातलेल्या हाराला संमती कशी म्हणावी?

खटला चालू असतानाच १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियामध्ये एक हिंदू स्त्री या सहीने पत्रे छापून आली. बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांनी मुलींच्या आयुष्याचे काय होते, ते त्यात रोखठोक लिहिले होते. ती पत्रे रखमाबाईंची होती हे पुढे सर्वांना कळले. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. आधार गेला, पण मुलगी मागे हटली नाही.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. नांदण्याची सक्ती करणारा असा दावा मुळात हिंदू शास्त्रातला नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इकडे आला, आणि जिथे कधी सहवासच झाला नाही तिथे तो लागू करणे योग्य नाही, असे त्यांचे मत पडले. इथे वाचकांनी जरा थांबून विचार करावा. खुद्द इंग्लंडने १८८४ साली कायदा करून अशा निकालासाठी तुरुंगात टाकणे बंद केले होते. इकडे मात्र १८८२ च्या दिवाणी कायद्यात कैदेची शिक्षा होतीच. म्हणजे लहानपणी लग्न लावायला इथली रूढी आणि मोठेपणी बेडी घालायला साहेबाचा कायदा. दोन वेगळ्या संस्कृती, पण मुलीच्या विरुद्ध दोन्ही एक झाल्या.

निकालाने मोठी खळबळ उडाली. धर्म बुडाला अशी हाकाटी झाली. टिळकांच्या केसरीने रखमाबाईंच्या विरुद्ध भूमिका घेतली. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत काढलेल्या पुस्तकात ही हकीकत जगापुढे मांडली. अपिलात पहिला निकाल फिरला आणि खटला पुन्हा उभा राहिला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. त्यांनी कळवले की कैद चालेल, पण जाणार नाही.

त्यावेळी त्यांचे वय अवघे बावीस होते. मागे कुठला पक्ष नाही. आम्ही संप पाहिले, मोर्चे काढले, लाठ्याही खाल्ल्या, पण आमच्या बाजूला हजारो माणसे असायची. एकटीने उभे राहणे ही वेगळी गोष्ट आहे.

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला. तुरुंग टळला. पण कोर्टाने मुलीला न्याय दिला असे म्हणता येणार नाही. पैसे मोजून सुटका झाली, एवढेच.

पुढे कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची आणि इतर हितचिंतकांच्या मदतीने त्या १८८९ साली इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या. परत आल्यावर प्रथम सुरत आणि नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या इस्पितळांत त्यांनी साधारण पस्तीस वर्षे सेवा केली. पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून १९२९ साली निबंध छापला. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नकाराचा उपयोग काय झाला? या खटल्याने प्रश्न उघड्यावर आणला. तेवढ्यात १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. तेव्हा कायद्यात संमतीचे वय दहा वर्षे होते. ते ओलांडले म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसला नाही. एक वर्षाची सक्तमजुरी, बस्स. १८९१ साली सरकारने हे वय बारा केले, तर त्यालाही केवढा विरोध झाला! आगरकरांनी सुधारकमधून कायद्याची बाजू लढवली. मग १९२९ चा शारदा कायदा आला, मुलीचे वय चौदा झाले. १९७८ साली ते अठरा झाले.

आपल्या समाजाने हा प्रश्न उच्चवर्णीयांचा म्हणून बाजूला सारू नये. खुद्द बाबासाहेबांचे लग्न १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात झाले, तेव्हा माता रमाई नऊ वर्षांच्या आसपास होत्या. गरिबीत आणि रूढीत सगळीकडे हेच चालू होते. त्याच बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आयाबायांना बजावले की मुलांच्या लग्नाची घाई करू नका. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बिलाचा एक भाग १९५५ साली हिंदू विवाह कायदा म्हणून पास झाला. रखमाबाई गेल्या त्याच साली. मात्र ज्या दाव्याने त्यांना छळले, तो नांदायला लावण्याचा दावा या कायद्याच्या नवव्या कलमात राहून गेला. इंग्लंडने तो १९७० साली कायद्याने रद्द केला. आपल्याकडे तो अजून आहे. कैद तेवढी १९२३ साली गेली.

अठरा वर्षांखालील बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्तीसुद्धा बलात्कारच, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितले. फुलमणीनंतर तब्बल १२८ वर्षांनी! आणि २०१९ ते २०२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांपैकी तेवीस जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात हा आकडा बावीसच्या जवळ. म्हणजे फरक फक्त एकाचा!

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. चाळीत, वस्तीत, नात्यात कुठे शाळेतली पोरगी बोहल्यावर चढवली जात असेल, कुठे लेकराच्या अंगावर वळ दिसत असतील, तर घरातला मामला म्हणून दार लावून घेऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फुकट लागतो. तो घरातल्या पोराबाळांना पाठ करून द्या. आणि मुलगी नको म्हणाली, तर ते नको ऐकून घ्या. रखमाबाईंना ते कोर्टाच्या पायरीवर जाऊन सांगावे लागले. आपल्या लेकींना ते घरातच सांगता आले पाहिजे.