देवळालीचे कापरेकर मास्तर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. लहानपणीच त्यांची आई वारली. ते ठाण्याला शाळेत शिकले व पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे बक्षीस मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते. प्रोफेसर वगैरे झाले नाहीत.

त्यांना अंकांचा भारी नाद. पूर्वी डोंबिवली स्टेशनाला डेम्लो म्हणत. तिथे त्यांना काही संख्या सुचल्या, म्हणून नावच ठेवले डेम्लो संख्या! ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. असे करत नऊ एक्क्यांना नऊ एक्क्यांनी गुणले की येते

१२३४५६७८९८७६५४३२१

मी हा गुणाकार फरशीवर खडूने केला, कारण पाटी पुरेना. एकं, दहं, शतं मोजत गेलो तर अब्ज, खर्व, निखर्व सोडून मध्यापर्यंत पोचलो. परार्धाला एकच घर कमी! उलटी वाचली तरी तीच संख्या. सगळ्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊ नव्वे. असे का होते ते मांडल्यावर कळते. एक्क्यांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात, म्हणून मधल्या घरात नऊ एक्के जमतात आणि कडेला कमी कमी. पण दहा एक्के घेतले की मधे दहा होतात, हातचा येतो आणि सगळी गंमत मोडते. मग येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ कुठे गेला बघा!

काही मोठ्या गणितज्ञांना हे काम फार सोपे वाटे, म्हणून ते मास्तरांकडे लक्ष देत नसत. मला हे काही पटत नाही. सोपे होते तर आधी कुणाला का नाही दिसले? मास्तर मात्र थांबले नाहीत. १९४६ साली त्यांना ६१७४ सापडला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो सांगितला. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला माहीत झाले. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले. ६१७४ ला आता कापरेकर स्थिरांक म्हणतात.

त्यांचेच जन्मसाल घेऊ. १९०५ चे अंक लावून मोठ्यात मोठी संख्या ९५१०, लहानात लहान ०१५९. वजाबाकी ९३५१. परत तसेच करायचे. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. सातापेक्षा जास्त वेळा कधीच लागत नाही. फक्त चारही अंक सारखे नकोत आणि शून्य सोडायचे नाही. पालकांनी आपापल्या जन्मसालाची वजाबाकी खालच्या कोऱ्या जागेत करावी. खडू खिडकीत ठेवला आहे.