गाण्याचे दार आणि त्याची किंमत

कला सर्वांसाठी खुली असावी, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. परंतु ती खुली ठेवण्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न निघाला की बहुतेकजण मौन पत्करतात. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. हिंदुस्थानी संगीताला त्यांनी दरबारातून लोकांत आणले, हे सर्वश्रुत आहे. त्यासाठी त्यांनी काय मोजले, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते.

१८७२ साली कुरुंदवाड संस्थानात, एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, शाळेचे शिक्षण अवघड होऊन बसले आणि मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. बुवा ग्वाल्हेर गायकीचे थोर आचार्य होते. तरीही मिरजेतील एका समारंभाचे आमंत्रण शिष्याला आले आणि गुरूला, केवळ ते गवई म्हणून, आले नाही, असे सांगितले जाते. गवयाच्या विद्येला मान होता, पण गवयाला नव्हता. संस्थानिकाच्या मर्जीवर जगणाऱ्या कलावंताचे हे प्राक्तन बदलायचे, तर आश्रयदाताच बदलला पाहिजे, हे विष्णुबुवांनी ओळखले आणि १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. या भ्रमंतीत सौराष्ट्रात त्यांनी एक साधा दिसणारा, पण दूरगामी परिणामांचा प्रयोग केला : अल्प दराचे तिकीट लावून जाहीर जलसा. आज तिकीट म्हणजे अडसर वाटतो. त्या काळी त्याचा अर्थ नेमका उलट होता. दरबारातील वा धनिकाच्या दिवाणखान्यातील बैठक ऐकणाऱ्याला काही द्यावे लागत नसे. परंतु तेथे बसण्यासाठी निमंत्रण लागे, आणि ते कारकुनाला किंवा शाळामास्तराला मिळणे शक्य नव्हते. थोडे पैसे देऊन सामान्य माणूस प्रथमच स्वतःच्या हक्काने गाण्याला बसला. गवईही आता एका धन्याचा चाकर न राहता अनेकांचा ऋणी झाला. फुकट असणे आणि मुक्त असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा या प्रयोगाचा पहिला धडा होय.

ऐकण्याचे दार उघडल्यावर शिकण्याचे दार उघडणे क्रमप्राप्त होते. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही संस्था. ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा, स्वतःची स्वरलेखनपद्धती, छापील क्रमिक पुस्तके, स्त्रियांनाही शिक्षण, हे सारे नवे होते. घराण्यात वर्षानुवर्षे गुरुसेवा करूनही जी चीज हाती लागेल की नाही याची शाश्वती नसे, ती पुस्तकात छापली जाऊ लागली. पुढे शिक्षक होण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांच्या अन्नवस्त्राचा आणि शिक्षणाचा भारही संस्थेनेच उचलला.

१९०८ मध्ये कार्य मुंबईस आले, वाढले, आणि वाढीबरोबर कर्जही वाढले. विद्यालयाची स्वतःची भव्य वास्तू उभी राहिली ती बव्हंशी ऋणावर. पंडितजी गावोगाव जलसे करीत आणि हप्ते भागवीत. पण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अखेर ती वास्तू लिलावात गेली. ज्या समाजाला त्यांनी गाणे दिले, तो समाज त्या प्रसंगी पुरेसा धावून आला नाही. पंडितजी नाशिकला रामनामाच्या आश्रयाला गेले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचा देह पडला.

त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. सभ्य घरांत गाण्याला प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी त्याला भक्तीचा रंग दिला आणि शृंगारिक शब्द दूर सारले. ज्या मुसलमान उस्तादांनी आणि कलावंतिणींनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जतन केली, त्यांना या नव्या प्रतिष्ठेत बरोबरीचा वाटा मिळाला नाही. दार उघडले, पण ते सर्वांसाठी सारखे रुंद नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

इमारत गेली तरी कार्य मात्र बुडाले नाही, याचे श्रेय त्यांनी घडविलेल्या माणसांना आहे. नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीच्या आश्रमात गाणे प्रार्थनेशी जोडले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकुरांनी बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालयाची धुरा वाहिली. १९३१ मध्येच शिष्यांनी स्थापिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. त्यांपैकी बहुतेकांना आपल्या आधीच्या काळी हे शिक्षण किती दुर्लभ होते याची कल्पनाही नसते. सुधारकाच्या यशाचे याहून मोठे गमक नाही.

परंतु त्या यशाचे मोल एका माणसाने एकट्याने भरले, ही गोष्ट समाजाला भूषणावह नाही. आजही विनामूल्य जलशाच्या मागे कोणीतरी खर्च करीत असतो. तो प्रायोजक असेल, तर संस्थानिकाची मर्जी निराळ्या वेषात परत येण्याचा धोका असतो. तो कलावंतच असेल, तर लिलावाची पुनरावृत्ती ठरलेली. कलेचे दार सदैव उघडे राहावे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते राखण्याचा खर्च ग्रंथालयाच्या वा शाळेच्या खर्चाप्रमाणे आपला म्हणून स्वीकारला पाहिजे. पलुस्करांचे ऋण फेडण्याचा तोच खरा मार्ग होय.